षड्जाचे वतन

रागाला विटाळ होतो काय, हा प्रश्न आज कोणी उघडपणे विचारणार नाही. परंतु तो विचारल्यावाचून जिचा विचार पुढे सरकतच नाही अशी एक ध्वनिमुद्रिका १९८२ साली मुंबईत निघाली, आणि तिच्या निमित्ताने आपल्या दर्शनकारांच्या एका जुन्या वादाकडे पुन्हा वळणे मला अगत्याचे वाटते. तिचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती करणारे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे बसलेले, नवे वाद्य बाजारात आले की ते पैदा करून त्याच्याशी झटापट करणारे आणि फावल्या वेळी लग्नसमारंभांतून आपला ताफा घेऊन वाजविणारे वादक होते. ‘कुर्बानी’ या चित्रपटाने १९८० साली जी डिस्कोची हवा आणली होती, ती तेव्हा गल्लीगल्लीत खेळत होती. त्या हवेत या गृहस्थांना असे सुचले की, तबल्याला रजा द्यावी, यंत्राचा ठेका लावावा आणि त्यावर चित्रपटातील चाली न वाजविता रागच वाजवावेत.

त्यांनी वापरलेली तिन्ही यंत्रे रोलँड या जपानी कंपनीची होती: ठेक्यासाठी ‘टीआर-८०८’, खर्जातील स्वरपंक्तीसाठी ‘टीबी-३०३’ आणि वर हाताने वाजवावयाच्या स्वरांसाठी ‘ज्युपिटर-८’. राग दहा: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटांचा अवकाश. खाली अढळ षड्ज, त्यावर रागाच्याच स्वरांतून बांधलेली आणि यंत्राने न थकता घोळविलेली खर्जाची पंक्ती, त्याखाली नाचाचा सरळ चारमात्री ठोका, आणि या सर्वांवर एका माणसाची बोटे. ती मुद्रिका खपली नाही. ‘टीबी-३०३’ हे यंत्रही खपले नाही. दोन-तीन वर्षांत त्याचे उत्पादन बंद पडले, ते जुन्या बाजारात कवडीमोलाने विकले जाऊ लागले, आणि शिकागोतील काही तरुणांनी ते तेथून उचलून १९८७ च्या सुमारास त्यातून जे नृत्यसंगीत निर्माण केले त्याला जगाने ‘अ‍ॅसिड हाऊस’ असे नाव दिले. ते संगीत आणि पाच वर्षे आधी मुंबईत वाजलेला भैरव यांत कानाला इतके साम्य भासते की, २०१० साली एका डच संग्राहकाने ही मुद्रिका नव्याने प्रसिद्ध केली तेव्हा हा बनाव असावा असा संशय पुष्कळांना आला. पुढे चरणजित सिंगांना युरोपातून आमंत्रणे आली. म्हातारपणी त्यांनी तेथील तरुणांपुढे आपले दहा राग वाजविले, आणि २०१५ च्या जुलैमध्ये ते मुंबईत निवर्तले.

हा प्रयोग एकाकी नव्हता. १९६८ साली शंकर-जयकिशन यांच्या नावावर ‘रागा जॅझ स्टाइल’ ही अकरा रागांची मुद्रिका निघाली होती. तीत रईस खाँ यांची सतार होती आणि वाद्यमेळाची आखणी गोव्याचे सेबास्टियन डिसोझा यांची होती. चरणजित सिंगांच्याच वर्षी, १९८२ साली, ‘डिस्को जॅझ’ नावाची रूपा बिस्वास या बंगाली गायिकेची मुद्रिका निघाली. कॅनडातील कॅल्गरी येथे ध्वनिमुद्रित झालेल्या या कृतीत अलाउद्दीन खाँसाहेबांचे नातू आशिष खाँ यांचा सरोद जॅझ, सोल, फंक आणि डिस्को या चौघांच्या गर्दीत मोठ्या खुशीने वावरतो. तीही खपली नाही, आणि तिलाही २०१९ साली अमेरिकेत पुनर्जन्म मिळाला.

जॅझ, सोल, फंक आणि डिस्को या चार नावांकडे आपल्याकडील सोवळा श्रोता ज्या तुच्छतेने पाहतो, तिच्यामागे एक गृहीत असते: राग देवघरातला आणि हे सारे नाचघरातले. दुसरा भाग तपासून पाहावा. सोल हे संगीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरातून थेट बाहेर पडले. रे चार्ल्स याने १९५४ च्या सुमारास प्रार्थनागीताच्या धाटणीवर लौकिक प्रेमाचे शब्द बसविले तेव्हा तेथील धर्मोपदेशकांनी हीच भ्रष्टतेची फिर्याद केली होती. जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाने १९६४ च्या डिसेंबरात ‘अ लव्ह सुप्रीम’ ही जॅझची कृती ध्वनिमुद्रित केली, ती ईश्वराला अर्पण करून. आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस पुढे संन्यासदीक्षा घेऊन कॅलिफोर्नियातील आश्रमात भजने रचू लागली. गोव्याच्या ज्या वाजंत्र्यांनी मुंबईचे जॅझ आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यमेळ उभे केले, त्यांच्यापैकी बहुतेकांना स्वरलेखन शिकविले होते ते गावच्या चर्चच्या शाळेने. म्हणजे नाचघराच्या पायऱ्या उतरत गेले तर खाली देऊळच लागते. हे केवळ तिकडचे झाले असे कोणी म्हणू नये. होनाजी हा लावण्या रचणारा शाहीर, आणि त्याची भूपाळी महाराष्ट्रातल्या घराघरांत पहाटे देवासाठी म्हटली गेली.

तरीही फिर्याद राहतेच, आणि ती तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडली पाहिजे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहून ज्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्या शार्ङ्गदेवाने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद सांगून, मुनींनी उपासिलेला अनाहत नाद मुक्ती देतो पण रंजन करीत नाही, आणि आहत नाद लोकांचे रंजनही करतो व भवबंधही तोडतो, असा निर्वाळा दिला. ज्या नादावर एवढा भार ठेवलेला आहे, तो देह थिरकविण्याच्या कामी लावणे म्हणजे देवाचे द्रव्य बाजारात खर्च करणे होय, आणि तेही जड यंत्राकरवी, ज्याला ना श्वास, ना गुरू, ना दीक्षा, असे फिर्यादीचे म्हणणे.

येथे मीमांसक आणि नैयायिक यांचा शब्दनित्यत्वाचा वाद कामी येतो. तो वाद वर्णांविषयी होता, मृदंगाच्या ध्वनीविषयी नव्हता, आणि मी तो रागापर्यंत ओढीत आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. परंतु वाद चांगला असेल तर त्याला थोडा ताण सोसतो. मीमांसकांचे म्हणणे असे की, शब्द नित्य आहे; आपण उच्चार करतो तेव्हा तो उत्पन्न होत नाही, अंधारात असलेला घट दिव्याने दिसावा तसा केवळ व्यक्त होतो. नैयायिक म्हणतात, छे. प्रयत्नानंतर तो ऐकू येतो, प्रयत्न थांबला की नाहीसा होतो, म्हणून तो अनित्य, कार्यरूप आहे. पाण्यावर लाटेतून लाट निघावी तशी एका ध्वनीतून दुसऱ्याची उत्पत्ती होत तो कानापर्यंत येतो. आता हे दोन्ही पक्ष भैरवाला लावून पाहावेत. भैरव नित्य असेल तर ‘ज्युपिटर-८’ने तो केवळ व्यक्त केला, आणि जे नित्य आहे त्याला व्यंजकाचा दोष लागत नाही. मशाल धूर सोडीत असली तरी तिच्या उजेडात दिसणारा घट काळा पडत नाही. उलट भैरव अनित्य असेल, प्रत्येक वादनात नव्याने उत्पन्न होत असेल, तर मुंबईतल्या त्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी उत्पन्न झालेला भैरव हा एक स्वतंत्र पदार्थ झाला. तो चांगला असेल किंवा वाईट, पण आधीच्या कोणत्याही भैरवाला तो बाटवू शकत नाही, कारण आधीचा भैरव तेव्हा उरलेलाच नव्हता. सबब दोन्ही दर्शनांच्या कचेरीत भ्रष्टतेची फिर्याद दाखलच करून घेतली जात नाही. जे दोन पक्ष या प्रश्नावर शतकानुशतके एकमेकांशी झगडत राहिले, ते या एका फैसल्यावर एकत्र येतात, याची मला मोठी मौज वाटते.

(मीमांसकाची बाजू घेणाऱ्याला या दहांपैकी बैरागी मात्र अडचणीत आणील. हा राग रविशंकरांनी प्रचारात आणला. अनादि काळापासून अंधारात बसलेल्या या घटाला दिवा मिळाला तो विसाव्या शतकात, असे त्याला म्हणावे लागेल. मीमांसक तेही म्हणेल. त्याची छाती मोठी.)

मग फिर्याद आहे तरी कशाची? माझ्या मते ती वतनाची आहे. राग बिघडला असे म्हणणारा पुष्कळदा एवढेच म्हणत असतो की, ज्याच्या दप्तरी या रागाची नोंद नाही अशाने त्यावर हात टाकला. ही गोष्ट आमच्या वाळवे तालुक्याला परक्याने शिकवावी लागत नाही. इस्लामपूर हे या तालुक्याचे कसबे. तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता आणि १९४९ साली दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेला. याच तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला; त्यांना महाराष्ट्र पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतो. गावचे दप्तर सांभाळणाऱ्या ब्राह्मण घराण्यातील हा माणूस ढोलकीच्या फडात उभा राहिला, अस्पृश्य मानलेल्या जातीतील पवळेबरोबर त्याने तमाशा केला, आणि जातिबहिष्कार भोगून १९४५ साली विपन्नावस्थेत वारला. त्याच्या कवनांत व्याकरणाची चूक होती असे त्याला वाळीत टाकणाऱ्यांनी म्हटले नव्हते, आणि तो गातो ते गण देवाला पोहोचत नाहीत असा पुरावाही कोणी पुढे केला नव्हता. ज्या अक्षराचे वतन एका जातीकडे होते ते अक्षर त्याने ढोलकीच्या हवाली केले, हा त्याचा गुन्हा. त्या काळी तो गुन्हा धर्माच्या भाषेत नोंदविला गेला. कारण वतनाच्या तंट्याला धर्माची भाषा नेहमीच सोयीची पडते.

आणि लोकांचा धर्म या बाबतीत काय म्हणतो? आमच्या भागातील कोणतीही जत्रा पाहावी. देवाचा छबिना निघतो, नारळ फुटतात, कुस्त्यांचा फड होतो, आणि रात्री त्याच माळावर तमाशा उभा राहतो. त्याचा आरंभ गणाने म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होतो, पुढे गवळण येते, आणि मग वग. देवाला हे चालत नाही असे जत्रेतील एकाही माणसाला वाटत नाही. उलट तमाशा झाला नाही तर जत्रा पुरी झाली नाही अशीच समजूत असते. इस्लामपुरात संभूआप्पा आणि बुवाफन या गुरुशिष्यांचा उरूस भरतो. हिंदू आणि मुसलमान अशा दोन धर्मांतील ही दोन नावे गाव एका श्वासात घेते, आणि उरुसातल्या गोंगाटाने त्यातील कोणाची समाधी भंगली अशी तक्रार अजून कोणाच्या कानी आलेली नाही. नाच आणि उपासना यांच्यामध्ये जी भिंत आपण समजतो ती देवळाच्या बांधकामात नाही. ती उशिरा, शहरात, तिकिटाच्या बैठकीत बसलेल्या श्रोत्यांनी घातली.

यंत्राच्या जडत्वाचा मुद्दा मात्र निराळा आहे आणि त्याची कैफियत स्वतंत्रपणे ऐकली पाहिजे. यातही आमच्या मुलखाचा संबंध येतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. महसुलाचे हिशेब करून झाल्यावर त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब हाती घेतला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स त्यांना मिळाले. एक मुलकी अंमलदार आणि एक न्यायाधीश यांनी मिळून असा निकाल केला की, विलायती पेटीचे बारा सूर आपल्या गायनाला अन्यायकारक आहेत. आणि त्या अन्यायाच्या परिमार्जनासाठी त्यांनी बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतिप्रकरणावर मोठी गरमागरमी झाली, आणि ती पेटी काही रूढ झाली नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले, ते सुमारे तीन दशके. या सबंध काळात, पंडितांच्या आणि सरकारच्या हुकूमनाम्यांची दखल न घेता, ती परकी, सदोष, बारा सुरांची पेटी खेड्यातील भजनी मंडळांत मृदंगाच्या शेजारी जाऊन बसली. इतकी की आज पेटीवाचून भजन म्हणजे वारकऱ्यालाही चुकल्यासारखे वाटते. विलायती यंत्रातून विठ्ठलाचे नाव निघते याचे कोणाला आश्चर्य उरलेले नाही. जपानी यंत्रातून भैरव निघाल्याचे आश्चर्य किती पिढ्या टिकेल?

शिवाय जड कशाला म्हणावे? मिरजेचा तंबोरा पाहा. भीमेच्या काठी पंढरपूरच्या बाजूला पिकलेला भोपळा, त्यावर बसविलेली दांडी, चार तारा. आणि त्या छेडणारा शिष्य, ज्याने काही सुचवायचे नाही, काही बदलायचे नाही, मैफल संपेपर्यंत त्याच चार तारा त्याच क्रमाने छेडीत राहायचे. आपल्या संगीताने आपला पायाच मुळी इच्छाशून्य पुनरावृत्तीवर घातलेला आहे. गायकाच्या कर्तृत्वाला ज्या पार्श्वभूमीवर अर्थ येतो ती पार्श्वभूमी कर्तृत्वहीन असावी लागते, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. वेदान्ती भाषेत बोलायचे तर अधिष्ठान निर्विकार असावे लागते. ‘टीबी-३०३’ने जी खर्जपंक्ती अखंड घोळविली, ती या तंबोऱ्याच्याच जागेवर बसली आहे. चरणजित सिंगांनी काढून टाकला तो तबला, आणि तबला हा मैफलीतला बोलका भागीदार. यंत्राने पळविले ते तबल्याचे आसन, षड्जाचे नव्हे. तबल्याचे आसन रिकामे झाल्याने मैफलीतला संवाद गेला, हे नुकसान खरे आहे. पण ते नुकसान रसाचे, पावित्र्याचे नाही.

याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ विसावले आहेत. १९३७ साली दक्षिणेतील एका लहान रेल्वे स्थानकावर प्रकृती बिघडली तेव्हा त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, सुरांतच प्रार्थना केली आणि तेथेच प्राण सोडला. स्वर आणि प्रार्थना यांत भेद न मानणाऱ्या या पुरुषाने तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत आपला आवाज भरून दिला होता. प्रहराप्रहरांची मर्यादा, आलापाचा विस्तार, समोरचा श्रोता, सगळे त्या लाखेच्या चकतीबाहेर राहिले. आज त्या तबकड्या आपण भक्तिभावाने ऐकतो. पाच मिनिटांचा भैरव हा जर अपराध असेल तर तीन मिनिटांच्या झिंझोटीचे काय करावे, हे फिर्यादी पक्षाने सांगावे.

इतके म्हटल्यावर, त्या मुद्रिकेत जे साधलेले नाही तेही सांगितले पाहिजे. तिचे कौतुक करणाऱ्या अलीकडच्या लेखकांनी दहाही रागांना एकाच मापाने मोजले आहे. ते मला पटत नाही. भूपाळी, मालकंस, कलावती, बैरागी हे पाच स्वरांचे राग यंत्राचा ठोका सहज सोसतात. त्यांतील स्वरांमध्ये अंतर आहे, वाट रुंद आहे, आणि खर्जाची पंक्ती घोळत राहिली तरी रागाचे रूप ढळत नाही. कलावती तर त्या ठोक्यावर अधिक प्रसन्न होतो. भैरवाचे तसे नाही. त्याचा कोमल ऋषभ आंदोलन मागतो, आणि यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरू शकते पण गळ्यासारखे एका सुरात झुलत नाही. तोडीचा अतिकोमल गांधार बारा सुरांच्या पट्टीत मिळतच नाही. तेथे देवल-क्लेमेंट्स यांची तक्रार अक्षरशः खरी ठरते. आणि ललत. दोन मध्यम लागोपाठ घेणारा, पहाटेच्या संधिकाळाचा हा राग थांबल्यावाचून होत नाही. शुद्ध मध्यमावरून तीव्राकडे जाताना जो क्षणभर अनिर्णय राहावा लागतो तोच ललताचा प्राण, आणि चारमात्री ठोका अनिर्णयाला जागा देत नाही. त्या ललतात मला सूर सर्व सापडले, ललत सापडला नाही. येथे मी नैयायिकाकडे झुकतो: ललत व्यक्त होण्याचे राहून गेले असे म्हणण्यापेक्षा, तो त्या दिवशी उत्पन्नच झाला नाही असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. परंतु न होणे आणि भ्रष्ट होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वेशीतल्या देवळात काकड्याच्या वेळी भसाड्या गळ्याने म्हटलेल्या भैरवातही आंदोलन सापडत नाही, म्हणून त्याला कोणी पाखंड म्हणत नाही.

राहता राहिला युरोपातील तो तरुण श्रोता, जो मेघ आणि मधुवंती यांतील भेद जाणत नसताना त्यांवर रात्रभर नाचला. अर्थ न जाणता घेतलेल्या नादाचे फळ मिळते काय, हा प्रश्न यास्काच्या ‘निरुक्ता’इतका जुना आहे. तेथे कौत्स नावाचा आचार्य मंत्रांना अर्थच नसतो असे म्हणतो, आणि यास्क त्याचे खंडन करून, अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाच्या पंक्तीस बसवितो. मला यास्काचा आदर आहे. पण त्याच्या या कठोर कसोटीला उतरतील असे श्रोते आपल्या संगीतसभांतून तरी किती निघतील? तीव्र मध्यम लागला की मान डोलावणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना तो मध्यम ओळखता येतो? त्या नाचणाऱ्या पोरांना निदान ओळखण्याचे सोंग आणावे लागले नाही. त्यांच्यासाठी मेघाचे वतन नव्हते, दप्तर नव्हते, घराणे नव्हते. खालचा षड्ज त्यांच्या छातीत वाजत होता आणि वर एक पंचाहत्तरीकडे झुकलेला मुंबईकर वादक डोळे न मिटता, गवयाचा कोणताही आव न आणता, आपली बोटे चालवीत होता. कौत्स त्या सभेत असता तर त्याने आपल्या पक्षाचा हा साक्षीदार यास्कापुढे हजर केला असता, आणि उलटतपासणीत यास्काने त्याला काय विचारले असते याचा अंदाज मला अद्याप बांधता आलेला नाही.